झाडाच्या टोकावर स्टार की एंजल?

पहिलंच ख्रिसमस ट्री ना, मग टेन्शन नका घेऊ, पण दुकानात जायच्या आधी टेप काढा. झाड उभं करून टोकापासून छतापर्यंत किती जागा उरते ते मोजा, कारण आम्ही पहिल्या वर्षी मोजलंच नाही आणि स्टार थेट पंख्याच्या पात्याला लागायला लागला, आख्खा नाताळ वसईच्या दमट हवेत पंखा बंद ठेवून काढला.

स्टार किंवा एंजलची साईज साधारण अशी धरा:
- ४ फुटी झाड: ५-६ इंच
- ६ फुटी: ८-९ इंच

दुकानात सगळे छोटेच वाटतात, तिथेच माणूस फसतो.

पण खरा घोळ वजनाचा. प्लास्टिकच्या झाडाची वरची फांदी म्हणजे नुसती तार हो, काचेचा एंजल ठेवला की ती वाकून नमस्कारच घालते! हातात घेऊन बघा, जड वाटला तर गपचूप परत ठेवा. लाईटवाला असेल तर बॅटरीचा डबा कुठे आहे तेही बघा, त्याचं वजनही वरच येतं. तरी डुलला तर टोकाच्या दोन-तीन फांद्या एकत्र धरून हिरव्या तारेने बांधा.

स्टार म्हणजे येशूच्या जन्माच्या वेळचा बेथलेहेमचा तारा, एंजल बहुतेक जण गॅब्रिएल मानतात, म्हणजे मरियेला त्या जन्माची बातमी देणारा देवदूत, दोन्ही चालतं. यंदा स्टारच घ्या, हलका असतो. आणि बाकी गोळे लावायच्या आधी तो चढवा, नाहीतर स्टुलावरून वाकताना निम्मे खाली.