डावाचं झाड आणि वर्गमूळ

प्रश्न : दोघांच्या खेळात दर वेळी दोनच चाली आणि वीस चालींत डाव संपतो, असं धरू. पहिला खेळाडू हमखास जिंकणार का, हे क्वांटम संगणक किती लवकर सांगेल?

उत्तर : डावातल्या शक्य चाली फांद्यांसारख्या मांडल्या, की एक झाड तयार होतं; डावाचा प्रत्येक शेवट म्हणजे त्याचं एक पान. या झाडाला १०,४८,५७६ पानं आहेत. ज्याची पाळी त्याला समोरच्याला हरवणारी एक जरी चाल सापडली, तरी तो जिंकला. हेच नँड गेट (दोन्ही इनपुट १ असतील तरच ० देणारं तर्कद्वार), थरावर थर रचलेलं. ठरावीक क्रमाने तपासत गेलात, तर वाईटात वाईट मांडणीत सगळी पानं बघावी लागतात. फांदी नाणं उडवून निवडली आणि जिंकणारी चाल दिसताच शेजारची फांदी सोडून दिली, तर पानांच्या संख्येचा ०.७५३ वा घात पुरतो, म्हणजे इथे साधारण ३४ हजार. साध्या संगणकाला याच्या खाली उतरता येत नाही, हे संशोधक साक्स आणि विग्डरसन यांनी १९८६ मध्ये सिद्ध केलं.

फार्ही, गोल्डस्टोन आणि गुटमन या संशोधकांनी २००७ मध्ये झाडाच्या मुळाशी एक लांब मार्गिका जोडली आणि तिच्यावरून क्वांटम तरंग सोडला. तो झाडापाशी येऊन मागे फिरतो की पुढे पार जातो, यावरून निकाल कळतो. वेळ लागतो वर्गमुळाच्या पटीत : १,०२४ गुणिले एक स्थिरांक. हा स्थिरांक लेखांमध्ये सोयीस्करपणे गाळला जातो!

प्रश्न : मग बुद्धिबळ सुटेल?

उत्तर : नाही. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९५० च्या अंदाजाने डावांची संख्या १०^१२०. वर्गमूळ काढूनही १०^६० उरतात. शिवाय चाली उत्तम क्रमाने लावल्या, तर अल्फा-बीटा छाटणीही (निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्या न बघताच सोडण्याची साध्या संगणकावरची पद्धत) जवळपास वर्गमूळच गाठते. क्वांटमची खरी कमाई एवढीच, की क्रम कसाही असला तरी वर्गमूळ पक्कं.

प्रश्न : सिम्युलेटरवर चार पर्यायांतून एक चाल ग्रोव्हरच्या क्वांटम शोधपद्धतीने शोधली. एका फेरीत उत्तर बरोबर आलं, दुसऱ्या फेरीने बिघडलं. का?

उत्तर : फेरी जास्त झाली. या पद्धतीत क्वांटम स्थिती एका कोनाने दाखवतात, आणि यशाची शक्यता म्हणजे त्या कोनाच्या साइनचा वर्ग. इथे सुरुवातीचा कोन ३०°, दर फेरीला ६०° वाढतो. एका फेरीनंतर ९०°, म्हणजे यश १०० टक्के. दुसरीनंतर १५०°, म्हणजे २५ टक्के. एकच उत्तर असेल तर फेऱ्या ०.७८५ × √N (N म्हणजे पर्यायांची संख्या), अपूर्णांक सोडून. उत्तरं किती हेच माहीत नसेल, तर फेऱ्यांची संख्या यादृच्छिक निवडून, वाढवत न्यावी लागते.

पहिल्याच फेरीत गोंधळ होत असेल, तर चाल तपासणारं सर्किट बघा. बरोबर चालीवर खूण केल्यावर मधल्या क्यूबिट्सवरची (क्वांटम संगणकाच्या बिट्सवरची) आकडेमोड उलट क्रमाने पुसायला हवी. ती तशीच राहिली, तर पर्याय त्या कचऱ्याशी गुंततात आणि व्यतिकरण (चुकीचे पर्याय एकमेकांना खोडून बरोबर पर्याय ठळक होणं) होतच नाही.