प्रोटीन शुद्ध करायचं प्रॅक्टिकल, पण मशीनच नाही!

प्रश्न: सर, मी टीवायला बायोकेमिस्ट्री शिकवते. आमच्याकडे महागडं क्रोमॅटोग्राफी मशीन नाही, मग प्रोटीन प्युरिफिकेशन फक्त फळ्यावरच शिकवायचं का?

उत्तर: अहो मॅडम, मशीन कशाला, अंडी आणा! पांढऱ्यात लायसोझाइम (बॅक्टेरियाची भिंत फोडणारं एन्झाइम) असतं, एकूण प्रोटीनच्या साधारण 3.5 टक्के, आणि त्याचा पीआय (ज्या पीएचला प्रोटीनवरचा एकूण चार्ज शून्य होतो तो) 11 च्या आसपास, बाकीची बहुतेक प्रोटीनं अ‍ॅसिडिक, म्हणजे पीएच 8 च्या बफरमध्ये सीएम-सेल्युलोजच्या (निगेटिव्ह चार्ज असलेल्या सेल्युलोजच्या) कॉलमला पॉझिटिव्ह चार्जचं हेच चिकटतं आणि ओव्हअल्ब्युमिन वगैरे मंडळी खाली वाहून जातात, मग मिठाचं पाणी सोडलं की लायसोझाइम सुटतं. पांढरं आधी बफरमध्ये पातळ करून मलमलीतून गाळा, नाहीतर कॉलम तुंबलाच म्हणून समजा. अ‍ॅक्टिव्हिटीसाठी मायक्रोकॉकस या बॅक्टेरियाचं गढूळ सस्पेन्शन घ्या, एन्झाइम टाकलं की 450 नॅनोमीटरला गढूळपणाचं रीडिंग भराभर उतरतं, मुलं खूश होतात!

एक सांगतो, खाली वाहून आलेलं पाणी पोरं बेसिनमध्ये ओततात, ते शेवटपर्यंत ठेवायला लावा, प्रोटीन चिकटलंच नसेल तर ते तिथेच सापडेल. आणि मार्क जेलच्या (प्रोटीनच्या पट्ट्या दाखवणाऱ्या) फोटोला कमी, स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी-यील्डच्या टेबलला (दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे एन्झाइमचं काम किती, आणि सुरुवातीच्या मानाने हाती किती उरलं) जास्त द्या. अंड्याला हात न लावणाऱ्यांना बेकरीच्या यीस्टमधलं इन्व्हर्टेज (साखर फोडणारं एन्झाइम) द्या.