अडुळशाचा अर्क जंतू मारतो का, याची चाचणी करतेयस? आधी एवढं सांभाळ

विषय छान निवडलास. ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच घडलं, तेव्हा या पानांत दम आहे.

पहिलं काम, झाडाची ओळख. दादरच्या बाजारात 'अडुळसा' म्हणून मिळालेली जुडी तशीच वापरू नकोस. फुलासकट फांदी दाबून वाळव आणि सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमकडून (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) ओळख पटवून घे. तो संग्रह १९०६ पासूनचा आहे.

मग वाळवणं. इथेच बहुतेकांचं फसतं. मुंबईच्या पावसाळी हवेत पानं सावलीत पसरली तरी बुरशी धरते. माझी पहिली अख्खी खेप तशीच गेली. बुरशी लागलेल्या पानांच्या अर्काने जंतू मेले, तर श्रेय पानाचं की बुरशीचं? पातळ थर पसर, पंखा चालू ठेव, नाहीतर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळव.

नवखे हमखास चुकतात ते असं:
- अर्क काढायला वापरलेलं मेथॅनॉल स्वतःच जंतू मारतं. ते पूर्ण उडवून अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळव आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर अर्काच्या खळग्याशेजारी नुसत्या डीएमएसओचा खळगाही ठेवच.
- एका प्लेटवर निष्कर्ष नको. किमान तीन.
- कोरड्या अर्काचं वजन लिहून ठेव.

प्लेटवर अर्काभोवती जंतू न वाढलेलं वलय दिसलं म्हणून 'खोकला बरा होतो' असं लिहू नकोस. कफ सुटणं वेगळं, जंतू मरणं वेगळं. आणि अर्क कुणालाही प्यायला द्यायचा नाही, गरोदर बाईला तर मुळीच नाही.

एमआयसी (जंतूंची वाढ रोखणारं अर्काचं किमान प्रमाण), एचपीटीएलसी (अर्कातले घटक वेगळे करून ओळखायची पद्धत) नंतर बघू. पहिल्या प्लेटा झाल्या की दाखव मला.