फोटो उलटा करून बघा

प्रश्न : देवगडजवळच्या आमच्या घराची कौलं यंदा उतरवली, तेव्हा माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. आत चाळीसेक जुने फोटो आहेत. दोन काचेला चिकटलेत. एकात बंदर, आगबोट आणि बरीच माणसं दिसतात. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले तर नुसते अंगठे आले. माणसं कोण, ते कसं शोधू? आणि हे फोटो सगळ्यांसाठी खुले केले तर कायद्याची अडचण येईल का?
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी त्या काचेच्या दोन फोटोंना हात लावू नका. मी लावला होता. मालवणात माझा स्वतःचा स्टुडिओ, तरी अक्कल नव्हती. एका पावसाळ्यानंतर आजोबांची फ्रेम उघडली, कोपरा उचलला आणि कागद हातात आला. फेटा आणि डावा डोळा काचेवरच राहिला. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगून चिकट होतो आणि काच धरून बसतो. म्हणून काचेसकटच फोटो घ्या. उजेड बाजूने येऊ द्या, कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुम्हीच दिसणार नाही. बाकीचे फोटो दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, सावलीत बसून हाताळा. कुणी लॅमिनेशन सुचवलं तर ऐकू नका.

स्कॅन 600 डीपीआयवर करा, आणि दोन्ही बाजूंचा. लोक पाठ सोडून देतात, तिथेच तर स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीने लिहिलेलं नाव असतं. पोस्टकार्ड असेल तर तिकीट बघा : दाढीवाला पंचम जॉर्ज असेल तर 1911 नंतरचं, बिनदाढीचा सहावा जॉर्ज असेल तर 1937 नंतरचं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो दाबून लहान होतो, बारीक अक्षरं मरतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आता ती आगबोट. नाळेवरचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचं, नाव भिंगाखाली वाचायचा प्रयत्न करा. 'रामदास' निघालं तर फोटो 17 जुलै 1947 च्या आधीचा. त्या दिवशी ती बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. रेवस जवळचं, म्हणून पावसातही फेरी होती. आपल्या बाजूची बोट पावसाळ्यात बंदच असायची, तेव्हा तुमचा फोटो आषाढ-श्रावणातला नाही.

माणसं ओळखायला ग्रुपचा उपयोग नाही. मोठी प्रिंट काढा, ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक डोक्याला आकडा द्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडे जा. एकेकाकडे, वेगवेगळ्या दिवशी. चारजण एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचंच नाव पक्कं होतं. माझ्या मावशीने एका पाठमोऱ्या गृहस्थाला छत्रीवरून ओळखलं. "हो पोस्टमास्तर," म्हणाली. "छत्रयेची मूठ फुटली, तेवा सुंभ गुंडाळल्यान." भिंगातून पाहिलं, तर मुठीवर खरंच सुंभ. तो फोटो माझ्याकडे वीस वर्षं होता.

ॲपने रंग भरून मात्र कुणाला पाठवू नका. आमच्याकडे एक फोटो आला होता, डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी, गडद लुगडं. नातवाने ॲपमधून काढलं तर लुगडं मोरपंखी झालं, घरात कौतुक झालं. ते आलवण होतं, विधवेचं तांबडं लुगडं. त्या काळी कॅमेऱ्यात घालायच्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, तो काळाच उमटायचा. बाईचं वैधव्य ॲपने पुसलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा जुन्या फोटोत काळं दिसतं ते काळंच असेल असं धरू नका.

कायद्याचं म्हणाल तर 1958 च्या आधी काढलेल्या फोटोंचा हक्क मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून 50 वर्षांचा होता, म्हणजे तो कधीच संपला. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियावाल्यांच्या खुल्या चित्रभांडारात) चढवा, पण मूळ स्कॅन, न सजवता, पाठीच्या फोटोसह. साल पक्कं नसेल तर 'अंदाजे' लिहा. 1958 नंतरच्या फोटोंना हा हिशेब लागत नाही; तिथे काढणारा किंवा त्याचे वारस सापडले तर विचारून घ्या. आणि पेटीत मयताचा फोटो निघाला (आपल्याकडे शेवटचा फोटो काढायची पद्धत होती) तर कायदा काहीही म्हणो, आधी त्या घरात विचारा.

प्रश्न : माजघरात लक्ष्मीची जुनी तसबीर आहे. सगळे रविवर्मा म्हणतात. खरी की नक्कल? साडीवर टिकल्या चिकटवल्यात, त्या काढू का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि 1906 मध्ये ते वारल्यानंतरही तिथे चित्रं छापली जात होती. त्यामुळे 'खरी' म्हणजे काय, हे आधी ठरवा. भिंगाखाली गालावर बघा : ठिपके विस्कटलेले, लहानमोठे असतील तर दगडावरून छापलेलं चित्र, ओळीने जाळीसारखे बसले असतील तर नंतरची छपाई. खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव असतं, ते बहुतेक फ्रेमवाल्याने आत दडपलेलं असतं.

टिकल्या राहू द्या. घरातल्या बायकांनी दुपारी बसून लावल्यात त्या, बहुधा पिठाच्या खळीने. कसर लागली नसेल तर हातही लावू नका.