पाणी केव्हा येणार, ते तिथीला विचारा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे चौघे, म्हणजे मी, यजमान, बारा वर्षांचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, अलिबागजवळच्या एका रिसॉर्टवर एक दिवसाच्या सहलीसाठी गेलो होतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असे पॅकेज होते. पोहोचेपर्यंत अकरा वाजले. जेवून समुद्रावर गेलो, तर पाणी इतके आत गेलेले की सासूबाईंच्या गुडघ्यांना तेवढे चालणे झेपेना. आम्ही निघालो तेव्हा ते परत येत होते. त्या दिवशी त्यांना एकादशी होती, त्यामुळे पॅकेजमधले जेवणही त्यांच्या उपयोगाचे नव्हते. दोन केळी आणि शहाळ्यावर त्यांनी दिवस काढला. या वर्षी पुन्हा जावे असे मनात आहे. विश्रांती मिळावी यासाठी रिसॉर्ट कसे निवडावे?
— एक वाचिका, नेरुळ

उत्तर : आपण रिसॉर्टविषयी विचारले आहे, परंतु आपल्या अडचणीचे मूळ पत्रातल्या ‘एकादशी’ या एका शब्दात आहे, आणि त्याचा संबंध उपवासाशी नाही. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. एकादशीच्या अकराची पाऊणपट सव्वाआठ होते. म्हणजे आपण पनवेल-पेणच्या वाटेवर होता तेव्हा किनारा पाण्याने भरलेला होता, सव्वादोन-अडीचच्या सुमारास, जेवण आटोपून आपण वाळूत उतरलात तेव्हा, पाणी सर्वांत दूर होते, आणि पुढची भरती रात्री साडेआठची होती. त्या दिवशी त्याच किनाऱ्यावरच्या महागड्यात महागड्या रिसॉर्टलाही आपल्यासाठी समुद्र जवळ आणता आला नसता. अलिबाग, नागाव, वरसोली या बाजूची पुळण फार संथ उताराची आहे, त्यामुळे पाण्याची पातळी थोडी उतरली तरी त्याची कड बरीच लांब जाते.

तेव्हा आधी तिथी निवडावी आणि मग रिसॉर्ट. दहा ते सहा एवढाच वेळ हाती असणाऱ्यांना पंचमी, षष्ठी आणि सप्तमी या तिथी सोयीच्या पडतात. पंचमीला भरती पावणेचारच्या आसपास, षष्ठीला साडेचार आणि सप्तमीला सव्वापाच. म्हणजे आपण जेवून थोडे पडून उठाल तोवर पाणी आपसूक जवळ येत असते आणि ऊन उतरण्याच्या वेळी ते पुरते भरलेले असते. शिवाय अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, तिच्यात उधाणाचा जोर नसतो, ही वयस्कर माणसांच्या दृष्टीने आणखी एक जमेची बाजू. पौर्णिमेचा मोह मात्र टाळावा. चांदण्याच्या आशेने मी स्वतः एकदा पौर्णिमा गाठली होती. भर दुपारी बाराच्या उन्हात लाटा पायऱ्यांपर्यंत आल्या आणि सूर्यास्त पाहायला बसलो तेव्हा समोर नुसती ओली वाळू आणि कुत्री होती. ही रीत तासभर इकडे-तिकडे चुकू शकते, म्हणून तिच्यावरून दिवस ठरवावा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून ताडून पाहावी. त्या तिथी शनिवार-रविवारी येतीलच असे नाही. न आल्यास मुलाची एक दिवसाची शाळा बुडवावी, असे मी जबाबदारीने सुचवते. आठवड्याच्या मधल्या वारी गर्दीही कमी असते.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांपैकी असावा. या दिवसांत सकाळी जमिनीकडून मतलई वारे येतात आणि जमीन तापली की दुपारपासून खारे वारे सुटतात, त्यामुळे सकाळचा वेळ वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीत काढावा आणि समुद्राकडचा व्हरांडा दुपारनंतरसाठी राखून ठेवावा. आपल्यासारख्या अनेक कुटुंबांची चूक अशी होते की पैसे भरले आहेत म्हणून जलतरण तलाव, रेन डान्स, घोडागाडी आणि बनाना बोट असे सगळे एकाच दिवसात वसूल करायचे असते, आणि मग दमून भागून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी विश्रांतीसाठी रजा घ्यावी लागते. मुलाला पाण्यातला एखादा खेळ खेळू द्यावा, लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहावेत. ओहोटी लागल्यावर मात्र त्याला पाण्यात राहू देऊ नये, कारण उतरते पाणी माणसाला आत ओढते.

सासूबाईंसाठी एक गोष्ट आवर्जून करावी. रिसॉर्टवाले प्लॅस्टिकची खुर्ची देतात, पण पाण्याच्या कडेला ती टिकत नाही. प्रत्येक लाट परतताना पायांखालची वाळू घेऊन जाते, मागचे दोन पाय आधी रुततात आणि बसलेले माणूस हळूहळू आभाळाकडे तोंड करून कलंडू लागते. घरातले दोन लाकडी पाट गाडीत टाकावेत, एक खुर्चीच्या पुढच्या पायांखाली आणि एक मागच्या. खुर्ची कोरड्या वाळूत न मांडता ओल्या, घट्ट वाळूवर मांडावी, म्हणजे तिथवरचे चालणेही सोपे जाते. चढते पाणी घोट्यापर्यंत आले की खुर्ची दोन हात मागे घ्यावी. तासाभरात तीन-चार वेळा ती मागे घ्यावी लागेल, आणि माझा अनुभव असा की त्या तासात वयस्कर माणसे घरच्यापेक्षा पुष्कळ अधिक बोलतात.

जाण्यासाठी आपल्याला पनवेल, पेण, वडखळ हाच रस्ता योग्य. उरणची लोकल, तिथून करंजा आणि लाँचने रेवस हा मार्ग धडधाकट माणसाला मजेचा वाटेल, परंतु धक्क्याच्या निसरड्या पायऱ्या आणि हलती लाँच दुखऱ्या गुडघ्यांसाठी नव्हेत. जेवणाचे आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवावे. पथ्याचा साधा भात नि वरण बुफेत सापडेलच असे नाही. तेवढी एकादशी टाळली की साबुदाण्याचा प्रश्नही मिटतो.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. रिसॉर्टवर नुसते बसून राहणे आम्हाला जमत नाही; अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचे आहे. ठाण्याहून एका दिवसात ते होईल का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : होईल, पण आपल्याला वरचा सल्ला उलटा करून घ्यावा लागेल. किल्ल्यापर्यंतची वाट ओहोटीलाच उघडी पडते, आणि भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे ओसरत नाही, म्हणून उधाणाजवळची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या जवळची, तिथी हवी. द्वादशी किंवा त्रयोदशीला सकाळी नऊ-पावणेदहाला भरती आणि दुपारी तीन-चारला पूर्ण ओहोटी असते, त्यामुळे सकाळी निघून, जेवून, पावणेतीनच्या सुमारास वाळूत उतरता येते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. तीत गाडीसह जाता येते आणि साधारण तासाभराचा प्रवास बसल्या जागी होतो. पावसाळ्यात मात्र हा बेत आखू नये. किल्ल्यात गणपतीचे देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे. ती पाहताना वेळेचे भान सुटते. परतीची वेळ उतरण्यापूर्वीच किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारून घ्यावी आणि तो सांगेल त्याच्या अर्धा तास आधी किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पडावे. घोट्यापर्यंत पाणी दिसले तर फोटोसाठी थांबू नये. पायात रबरी सपाता असाव्यात, कारण वाटेतल्या खडकांवर कालवांच्या धारदार कडा असतात.