12व्या फ्रेटला 4 मिमी ॲक्शन, ट्रस रॉड पिळून उतरेल का?

तुम्ही विकत घ्यायला बघताय तो चार तारांचा वापरलेला बेस गिटार, 12व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, लांब दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा 4 मिमी उंच (हीच ॲक्शन), ब्रिजचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, पार खाली टेकलेले, आणि विकणारा म्हणतोय रॉड जरा टाइट केला की झालं. होईलही कदाचित, पण नुसत्या त्याच्या शब्दावर पैसे देऊ नका, कारण हेच लक्षण दोन अगदी वेगळ्या कारणांनी दिसतं. एकात फारसं काही बिघडलेलंच नसतं आणि दुसऱ्यात नेक कामातून गेलेला असू शकतो.

आधी एक गोष्ट, ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची दांडी, तारांची उंची ठरवायला नसतो. गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यूला त्याचं पेटंट 1923 ला मिळालं, आणि तेव्हापासून त्याचं काम एकच, तारांच्या ओढीने नेकला जो बाक येतो तो आवरायचा. बेसला ही ओढ मोठी असते, 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि नेहमीचा 45-105 जाडीचा सेट म्हणजे चार तारा मिळून 70-80 किलोच्या आसपास, आणि हे त्या लांब बारीक लाकडावर वर्षानुवर्षं चालू असतं. बाक कमी केला की ॲक्शन थोडी उतरते हे खरं, पण तो साइड इफेक्ट आहे.

म्हणून पहिलं काम रिलीफ, म्हणजे नेकचा हा बाक, मोजायचं. बेस नीट ट्यून करून घ्या, ई ए डी जी, तारा सैल ठेवलेल्या असतील तर ट्यून केल्याशिवाय काहीच बघू नका कारण सैल तारांवर कुठलाही नेक सरळच दिसतो. मग पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून ठेवणारा चिमटा) लावायचा, जिथे नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर तार दाबायची आणि 7व्या-8व्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधली फट बघायची, 0.25 ते 0.35 मिमी असेल तर उत्तम. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा, अंदाज येतो.

आता फट एवढीच निघाली आणि तरी ॲक्शन 4 मिमी, सॅडल खाली टेकलेले, तर नेक चांगला आहे, त्याचा कोन चुकलाय. बोल्ट-ऑन (स्क्रूने बसवलेला नेक) असेल तर नेक काढून पॉकेटमध्ये, म्हणजे बॉडीतल्या त्याच्या खाचेत, ब्रिजकडच्या बाजूला पातळ शिम (पट्टी) टाकली की हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक) किंचित मागे झुकतो, तारा खाली येतात आणि सॅडलला पुन्हा जागा मिळते. अशा बेसवर रॉड पिळणं म्हणजे चांगल्या नेकला उगाच बॅकबो (उलटा बाक) आणणं. माझ्या मते असा बेस बिनधास्त घ्यावा. (सेट-नेक म्हणजे चिकटवलेला किंवा नेक-थ्रू म्हणजे बॉडीतून आरपार गेलेला नेक असेल तर मात्र नको, तिथे कोन बदलणं फार मोठं काम आहे.)

फट 1 मिमीच्या घरात निघाली तर खरा प्रश्न सुरू होतो, की रॉडमध्ये अजून वाव उरलाय का. हे पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याच्या समोर, त्याला विचारून तपासायचं. ॲलन की अगदी बरोबर मापाची हवी, 1/8 इंच म्हणजे 3.175 मिमी, त्यात 3 मिमीची की जाते पण सैल बसते आणि तीच नटाचे (रॉडच्या टोकाचा, फिरवायचा) कोपरे खाते, तसंच 3/16 म्हणजे 4.76, तिथे 4.5 ची चालत नाही. आधी पाव फेरा सैल करा, टाइट नाही, नट जाम नाही ना ते तिथेच कळतं. मग परत मूळ जागी आणून पाव फेरा टाइट करा, पुन्हा ट्यून करा आणि फट पुन्हा मोजा. कमी झाली तर रॉड जिवंत आहे, बाकीचं काम घरी आणून एक-दोन दिवसांत हळूहळू करता येतं, लाकूड बसायला वेळ घेतं. नट दगडासारखा लागला आणि फट तिळभर हलली नाही, तर तिथेच थांबा, जोर लावू नका, रॉड तुटला तर फिंगरबोर्ड (नेकवर चिकटवलेली लाकडी पट्टी) उचलावा लागतो.

नट नुसताच गरागरा फिरत असेल तर एक तर तो पूर्ण सैल आहे किंवा आटे गेलेत किंवा रॉड तुटलाय, टाइट करत गेल्यावर पकड येते का एवढंच बघायचं.

वाव संपलेल्या रॉडवर उपाय आहेत. सिंगल ॲक्शन (एकाच दिशेने काम करणाऱ्या) रॉडचा नट बाहेर येतो, तिथे खाली एक-दोन वॉशर टाकले की आट्यांना पुन्हा जागा मिळते, तारा सैल करून नेकला क्लॅम्पने मागे बाक देऊन मग नट फिरवला की रॉडवर ताणही कमी येतो. डबल ॲक्शनमध्ये (दोन्ही दिशांनी काम करणारा) नट बहुतेक वेळा रॉडलाच जोडलेला असतो, तो काढायचा प्रयत्न करू नका. हलक्या तारांनी थोडा फरक पडतो. पण हे सगळं किमतीत धरून घासाघीस करायची, विकणाऱ्याचा "नुसता सेटअप" त्यात बसत नाही.

रॉडने अजिबात न सुटणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे पीळ (नेक वळलेला असणं) आणि शेवटच्या फ्रेट्सचा उठाव. पिळासाठी रिलीफ ई तारेखाली आणि जी तारेखाली वेगवेगळा मोजा, थोडा फरक चालतो, पण एकीकडे 0.3 आणि दुसरीकडे 0.9 असेल तर सोडून द्या, रॉड मधोमध एकच असतो, तो एका बाजूला वेगळं ओढू शकत नाही (रिकनबॅकर कंपनीच्या बऱ्याच बेसमध्ये दोन रॉड असतात, तो अपवाद). उठाव म्हणजे नेक सरळ पण 15-16 नंतरचे फ्रेट वर चढलेले, तिथे वरच्या नोट्स चोक होतात (दबून विझतात) आणि लोक बिचारे रॉड पिळत बसतात, तो भाग बॉडीला घट्ट बांधलेला असतो, रॉडचा तिथे जवळजवळ काहीच असर नाही, फ्रेट लेव्हल करूनच घ्यावे लागतात. हा उठाव कमी असेल तर मी बेस सोडत नाही, पिळाला मात्र सोडतो.

आणि जी तारेवर 5 ते 7 फ्रेटच्या आसपास एखादी नोट लवकर विझली तर घाबरू नका, तो डेड स्पॉट, चांगल्या चांगल्या बेसला असतो.

रॉडचा नट जुन्या पद्धतीच्या फेंडरसारखा बॉडीच्या टोकाला असेल तर तो बघायला बहुधा नेक काढावा लागतो, विकणारा तयार नसेल तर निदान सगळी मापं तरी घ्या. मापं घेतलीत की ई आणि जी खालचे दोन्ही आकडे आणि पाव फेऱ्यानंतर फट किती बदलली ते इथे टाका, मग घ्यायचा की नाही ते नक्की सांगतो.