अलास्कातले इनुपियाट लोक स्वतः देवमासे मारतात, मग तेलकंपन्यांना विरोध करणं हा दुटप्पीपणा नाही का?

माझ्या मते अजिबात नाही. पाण्याखालचा आवाज हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून त्या बाजूने सांगतो.

हे लोक मारतात तो बोहेड देवमासा. त्याचं मांस गावात वाटून खाल्लं जातं, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी पोचवलं जातं. किती मारायचे हे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग (देवमासे-शिकार) आयोग ठरवतो.

1977 मध्ये याच आयोगाने शिकार बंद केली होती. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने मासे दोन हजारांच्या आत उरले होते. शिकारी म्हणाले, तुम्ही फक्त मोकळ्या पाण्यातून जाणारे मोजता, बर्फाखालून जाणाऱ्यांचं काय? वल्हं पाण्यात बुडवून त्याच्या दांड्याला कान लावायचा, की मासा दिसण्याआधी ऐकू येतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. पुढे हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, लावून मोजणी झाली आणि त्यांचंच खरं निघालं. 2011 च्या मोजणीत आकडा 16 हजारांच्या वर गेला.

तेलाच्या बाबतीतही तेच झालं. समुद्रतळाखालचं तेल शोधताना जहाजावरून एअरगनचे, म्हणजे दाबलेली हवा पाण्यात सोडून मोठा आवाज करणाऱ्या यंत्राचे, बार दर काही सेकंदांनी काढतात. सुरुवातीचे अभ्यास सांगत, मासा सात-आठ किलोमीटरवरूनच वळतो. शिकारी सांगत, छे, त्याच्या कितीतरी आधी. 1996 ते 98 च्या पाहणीत दिसलं की मासे 20 किलोमीटरच्या आत येतच नव्हते, काही तर 35 किलोमीटरवरच वाट बदलत होते. नुइकसुट या इनुपियाट गावचे शिकारी गावापासून शंभरेक किलोमीटरवरच्या क्रॉस बेटावर तळ ठोकतात. मासा आणखी 20 किलोमीटर आत गेला की छोटी होडी घेऊन उघड्या समुद्रात त्याच्या मागे जायचं. मारलाच तर किनाऱ्यापर्यंत ओढत आणेस्तोवर मांस खराब होऊ लागतं.

पण सगळे इनुपियाट तेलाच्या विरोधात आहेत, असं समजू नका. 1972 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ स्लोप बरोची, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारची, तिजोरी तेलावरच्या करानेच भरते. शाळा, दवाखाने त्यातूनच चालतात. जमिनीवरचं तेल चालेल, समुद्रातलं नको, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणूनच 1980 च्या दशकापासून शिकाऱ्यांची संस्था कंपन्यांशी करार करते: शरदातल्या शिकारीच्या दिवसांत एअरगन बंद. मला हा मार्ग योग्य वाटतो. मात्र तुटक्या बर्फात सांडलेलं तेल गोळा कसं करायचं, याचं पटेल असं उत्तर कंपन्यांनी अजून दिलेलं नाही, आणि समुद्रातल्या विहिरींना होणारा विरोध मुख्यतः त्यावरच उभा आहे.